बेटांची चांदी: छोट्या द्वीपराष्ट्रांची स्मारक नाणी पारखून कशी घ्यावीत

नाण्यांच्या प्रदर्शनात एखाद्या काचेच्या पेटीपुढे लोक हमखास थबकतात. आत आरशासारखं चकचकीत चांदीचं नाणं असतं. एका बाजूला एलिझाबेथ राणी, दुसऱ्या बाजूला ‘स्टार वॉर्स’मधलं एखादं पात्र, आणि कडेला लिहिलेलं ‘न्युए, २ डॉलर’. मग विचारणा होते: असा देश आहे तरी का? आणि हे खरं नाणं की खेळणं?

देश आहे आणि नाणंही खरं आहे. पण ‘खरं’ या शब्दात इथे बऱ्याच गोष्टी दडलेल्या असतात आणि त्या उलगडल्याशिवाय पैसे मोजू नयेत. मी ही नाणी बरीच वर्षं जमवतो आहे आणि माझं त्यांच्यावर मनापासून प्रेम आहे. म्हणूनच, नव्या माणसाने पहिलंच नाणं चुकीचं घेतलं आणि छंदच सोडून दिला असं झालं की वाईट वाटतं. पुढची माहिती त्याच्यासाठी.

आधी तीन नावं वेगळी करा

या नाण्यांमागे तीन वेगवेगळे पक्ष असतात: ज्याचं नाव नाण्यावर आहे तो देश, जिथे नाणं पाडलं ती टांकसाळ आणि ज्याने ते बाजारात आणलं तो वितरक. आपल्या रुपयाच्या बाबतीत सरकार आणि टांकसाळ एकाच घरातली. इथे तसं नसतं.

न्युए हे दक्षिण प्रशांत महासागरातलं एकच बेट, क्षेत्रफळ सुमारे २६० चौरस किलोमीटर, वस्ती दोन हजारांच्याही आत. १९७४ पासून ते न्यूझीलंडशी मुक्त सहयोगाच्या नात्याने स्वशासित आहे आणि रोजच्या व्यवहारात न्यूझीलंड डॉलरच वापरतं. न्युएच्या नावाची अनेक नावाजलेली नाणी ऑकलंडमधल्या ‘न्यूझीलंड मिंट’ या खासगी कंपनीची असतात. न्युएचं सरकार परवानगी देतं, नाण्याला कायदेशीर चलनाचा दर्जा देतं आणि त्या बदल्यात स्वामित्वशुल्क घेतं. शेती थोडी, कारखाने जवळजवळ नाहीत, अशा बेटाला हा पैसा मोलाचा असतो.

तुवालूचंही तसंच. या नावाचा अर्थच ‘एकत्र उभे असलेले आठ’, म्हणजे मूळ वस्तीची आठ बेटं. लोकसंख्या अकरा हजारांच्या आसपास. देश स्वतंत्र झाला १९७८ मध्ये, पण स्वतःची नाणी त्याआधीच, १९७६ मध्ये निघाली होती. तुवालूच्या नावाची चांदीची संग्राह्य नाणी प्रामुख्याने ऑस्ट्रेलियातली पर्थ मिंट पाडते. १८९९ मध्ये सुरू झालेली ही टांकसाळ आज पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्य सरकारच्या मालकीची आहे.

कुक बेटं १९६५ पासून स्वशासित आहेत आणि तिथली स्वतःची नाणी १९७२ पासूनची. सत्तरच्या दशकात त्यांची संग्राह्य नाणी अमेरिकेतल्या फ्रँकलिन मिंटने मोठ्या प्रमाणावर पाडली. आजची सर्वांत देखणी नाणी येतात ती लिख्टेनस्टाइनमधल्या ‘कॉइन इन्व्हेस्ट’ या कंपनीकडून, आणि ती पाडली जातात जर्मनीतल्या बी. एच. मायर यांच्या टांकसाळीत. पलाऊसाठीही याच कंपनीने भरपूर काम केलं आहे. पलाऊ १९९४ मध्ये स्वतंत्र झालं, तिथे चलन अमेरिकी डॉलर आहे आणि तिथे राजा-राणी कुणी नाही. म्हणून त्यांच्या नाण्यावर राजमुखाऐवजी देशाचं चिन्ह आणि बहुतेकदा ‘रेनबोज एंड’ ही ओळ दिसते.

हे सगळं का लक्षात ठेवायचं? नाण्याचा दर्जा देशाच्या नावावरून कळत नाही, टांकसाळीवरून कळतो. न्युएचं नाव असलेली नाणी अनेक टांकसाळींतून निघाली आहेत. काही अप्रतिम, काही अगदी सुमार. त्यामुळे विक्रेत्याला पहिला प्रश्न ‘कुठल्या देशाचं’ असा न विचारता ‘कुठल्या टांकसाळीचं’ असा विचारा. त्याला उत्तर देता आलं नाही तर पुढचं बोलणं तिथेच थांबवावं.

नाणं वाचायला शिका

पहिली गोष्ट, किंमत लिहिलेली आहे का? धनत्रयोदशीला आपण सराफाकडून आणतो ते लक्ष्मीछाप ‘नाणं’ कायद्याच्या भाषेत नाणं नव्हे, पदक. त्यावर देशाचं नाव नसतं, दर्शनी मूल्यही नसतं. गणपती-लक्ष्मीच्या प्रतिमा असलेली खरी नाणीही या बेटांच्या नावाने निघाली आहेत, पण त्यांच्यावर देश, वर्ष आणि डॉलरचा आकडा असतो. दोन्हींत चांदी सारखी असू शकते, वर्ग मात्र वेगळे, आणि संग्राहक पदकाला नाण्याचा भाव देत नाही.

दर्शनी मूल्यावरून किमतीचा अंदाज बांधू नका. आपल्या जुन्या राणीछाप रुपयाचं वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात बाराला अकरा भाग चांदी. एकेकाळी रुपया आणि चांदी यांचं असं घट्ट नातं होतं. या बेटांच्या नाण्यांवरचा आकडा निव्वळ कायद्याची गरज भागवतो. न्युएच्या एक औंसाच्या नाण्यावर बहुधा २ डॉलर असतात, तुवालूच्या तेवढ्याच नाण्यावर १ डॉलर. आतली चांदी त्याच्या कितीतरी पट महाग. तरीही नाणं घेऊन बँकेत गेलात, आपल्याकडे किंवा तिकडे, तर ते कुणी बदलून देईल या भरवशावर राहू नये.

मग धातूचा मजकूर शोधा. चांगल्या टांकसाळी नाण्यावरच वजन आणि कस (हजारात किती भाग चांदी) कोरतात: ‘१ औंस ९९९ सिल्व्हर’, किंवा चांदीचं रासायनिक चिन्ह आणि पुढे ९२५. हा मजकूर नसेल तर संशय घ्या. जुन्या, विशेषतः सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या नाण्यांवर तो नसणं साहजिक आहे. तिथे कॅटलॉग बघावा लागतो. ‘न्युमिस्टा’ या संकेतस्थळावर देश आणि वर्ष टाकलं की वजन, व्यास, कस सगळं मिळतं. ‘केएम’ या अक्षरांनी सुरू होणारा, म्हणजे क्राउझ-मिशलर या कॅटलॉगचा, क्रमांक दिसला तर तो टिपून ठेवा, विक्रेते त्याच क्रमांकाने बोलतात.

इथेच मी एकदा फसलो होतो. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘सिल्व्हर कॉइन’ म्हणून सुरेख पेटी मागवली. प्रमाणपत्र होतं, मखमल होती, नाणं लखलखत होतं. प्रमाणपत्रावरची बारीक अक्षरं रात्री भिंगातून वाचली तेव्हा समजलं की तो चांदीचा मुलामा आहे, आत साधा धातू. विक्रेत्याने खोटं काही लिहिलं नव्हतं, ‘प्लेटेड’ हा शब्द फक्त शेवटच्या ओळीत ढकलला होता. न्युएच्या २०११ च्या ‘स्टार वॉर्स’ मालिकेतच दोन्ही प्रकार आहेत: १ डॉलरची नाणी मुलाम्याची, २ डॉलरची खऱ्या चांदीची. चित्रं मिळतीजुळती असल्याने फोटो पाहून गल्लत होते. ‘सिल्व्हर प्लेटेड’, ‘सिल्व्हर फिनिश’, ‘सिल्व्हर क्लॅड’ यांपैकी कुठलाही शब्द दिसताच समजा की चांदीचा भाव इथे लावायचा नाही.

राणीचा चेहराही काळ सांगतो, कारण तो वेळोवेळी वेगवेगळ्या कलाकारांनी घडवला. मेचिन यांचं तरुण, मुकुटधारी चित्र साठच्या दशकापासून, मॅकलूफ यांचं १९८५ पासून, रँक-ब्रॉडली यांचं थोराड चेहऱ्याचं १९९८ पासून आणि जोडी क्लार्क यांचं २०१५ पासून. छोट्या देशांनी जुनं चित्र पुढेही अनेक वर्षं वापरलं आहे, त्यामुळे जुना चेहरा आणि नवं साल यात गैर काही नाही. पण नवा चेहरा आणि जुनं साल दिसलं तर नाणं बनावट.

हिशेब कागदावर मांडा

ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, आपल्या भाषेत पावणेतीन तोळ्यांना थोडा कमी. नेमकं सांगायचं तर दोन पूर्णांक दोन तृतीयांश तोळे. हिशेब सोपा व्हावा म्हणून चांदी २०० रुपये ग्रॅम धरू; तुम्ही त्या जागी आजचा भाव घाला.

९९९ कसाच्या एक औंस नाण्यात चांदी झाली ६,२२० रुपयांची. नाणं १४,००० ला मिळत असेल, तर वरचे ७,७८० रुपये हे टांकसाळीची कारागिरी, बेटाचं शुल्क, चित्राच्या हक्कांचे पैसे, पेटी आणि विक्रेत्याचा नफा. दागिन्याच्या घडणावळीसारखंच हे. आता क्राउन आकाराचं जुनं नाणं घ्या: वजन २८.२८ ग्रॅम, कस ९२५. शुद्ध चांदी २६.१६ ग्रॅम, म्हणजे ५,२३२ रुपये. तेवढ्याच वजनाचं नाणं ५०० कसाचं निघालं तर चांदी फक्त १४.१४ ग्रॅम आणि किंमत २,८२८. हातात घेऊन दोन्ही जवळजवळ सारखी वाटतात. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच संग्राह्य नाण्यांत ५०० कसाची चांदी आहे, म्हणून जुनं नाणं घेताना हा आकडा विचारल्याशिवाय भाव करूच नये.

माझा स्वतःचा नियम असा: धातूच्या दुपटीपेक्षा जास्त किंमत असेल, तर ते नाणं मी फक्त आवडलं म्हणून घेतो, पैसे परत मिळतील या हिशेबाने घेत नाही. साध्या बुलियन प्रकारात, म्हणजे मुख्यतः धातूसाठी घेतल्या जाणाऱ्या नाण्यांत, जसं न्युएचं हॉक्सबिल कासव, धातूवरचा बोजा बराच कमी असतो. हे कासव आधी, २०१० ते २०१३, ‘टाकू’ या नावाने फिजीच्या नाण्यावर होतं आणि २०१४ पासून न्युएच्या नाण्यावर आलं. देश बदलला, टांकसाळ तीच राहिली. वर सांगितलेली तीन नावं वेगळी ठेवायची ती यासाठीच. नवशिक्याने सुरुवात अशाच नाण्याने करावी, चूक झाली तरी स्वस्तात निभावते.

घरी करता येणारी तपासणी

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा आणि व्हर्नियर कॅलिपर एवढं पुरतं. वजन आणि व्यास कॅटलॉगशी ताडून बघा. एक औंसाचं नाणं ३१.१ पेक्षा किंचित जास्त भरलं तर ठीक, कमी भरलं तर नको. चांदीला लोहचुंबक ओढत नाही, पण पितळ, तांबं आणि शिसंही चिकटत नाहीत; म्हणून चुंबकाची परीक्षा नापास करू शकते, पास करू शकत नाही.

खरी परीक्षा घनतेची. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काठाला लागणार नाही असं धरा. काट्यावर आता जो आकडा दिसतो त्याने नाण्याच्या वजनाला भागा. शुद्ध चांदीची घनता १०.४९, त्यामुळे एक औंस नाण्याला आकडा २.९७ च्या आसपास यायला हवा. पितळ असेल तर ३.६ च्या वर जाईल, तांबं-निकेलचं मिश्रण असेल तर साधारण ३.५.

मात्र ही परीक्षा फक्त साध्या बुलियन नाण्यावर करावी. प्रूफ (आरशासारखी झळाळी देऊन खास संग्राहकांसाठी पाडलेलं), रंगीत, काच बसवलेलं किंवा जुनाट काळपट झळाळी दिलेलं नाणं पाण्यात घालू नये, त्याचा चेहराच बिघडतो. तिथे वजन, व्यास आणि टांकसाळीच्या मूळ फोटोशी तुलना यावरच भागवा. सराफाकडचं एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणारं यंत्र उपयोगी आहे, पण ते वरचा थरच वाचतं; जाड मुलाम्याला ते चांदी म्हणू शकतं. म्हणून यंत्राचा आकडा आणि घनता दोन्ही जुळल्यावरच निश्चिंत व्हावं.

नगसंख्येच्या मोहात कितपत पडावं

‘फक्त ९९९ नग’ असं वाचलं की हात शिवशिवतात. माझेही शिवशिवले आहेत. नगसंख्येला अर्थ आहे, पण तेवढेच नग मागणारी माणसं असली तर. याचं चांगलं उदाहरण तुवालूचं २००६ चं रेडबॅक कोळ्याचं नाणं: पर्थ मिंटने पाडलेलं, एक औंस, ५,००० नग. विषारी प्राण्यांच्या मालिकेतलं ते पहिलं, रंग सुरेख, आणि कल्पना तेव्हा नवी होती. त्याला पुढे मोठी मागणी आली. नंतर असंख्य मालिकांनी तसाच कमी आकडा लावला, पण तेवढी ओढ सगळ्यांच्या वाट्याला आली नाही.

पलाऊच्या ‘टिफनी आर्ट’ मालिकेला मात्र मी मनापासून दाद देतो. २००४ पासून निघालेली ही दोन औंसांची जाड नाणी, उठावदार वास्तुशिल्प आणि मध्ये रंगीत काचेचा तुकडा. त्यात कारागिरीचे पैसे दिसतात. याच पलाऊने १९९२ मध्ये सागरी जीवनाच्या मालिकेत रंगीत नाणी काढून या साऱ्या प्रकाराला वाट दाखवली, २००७ मध्ये फ्रान्समधल्या लूर्द या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राच्या पवित्र जलाची इवलीशी कुपी नाण्यात बसवली आणि २००९ मध्ये नारळाचा वास येणारं नाणं काढलं. वास उडून जातो. चांदी आणि ठसा राहतो. किंमत ठरवताना हे ध्यानात असू द्या.

आणि एक नाणं मी कुणालाही डोळे मिटून सुचवतो, तेही आपल्याच हिंदी महासागरातलं. मॉरिशसचं १९७५ चं ५० रुपयांचं नाणं. कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज ज्या बेटावर आजही आहेत, तेच हे बेट. जागतिक वन्यजीव निधीसाठी अनेक देशांनी मिळून जी संवर्धन मालिका काढली, तिच्यात मॉरिशसने आपला केस्ट्रेल हा छोटा ससाणा घेतला. १९७४ मध्ये रानात या पक्ष्याची फक्त चार पाखरं उरल्याची नोंद होती. पुढे माणसांच्या चिकाटीने ती शेकड्यांत गेली. नाणं पाडलं तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. संपत चाललेल्या जिवाचं ते चित्र होतं. या नाण्याचे दोन प्रकार आहेत, साधं ५०० कसाचं आणि प्रूफ ९२५ कसाचं. प्रूफचं मैदान, म्हणजे चित्राभोवतीची मोकळी जागा, आरशासारखं आणि चित्र दुधी असतं, तेवढ्यावरून ओळखता येतं.

परदेशातून आणताना

बहुतेकांचा कुणी तरी भाऊ, भाची, मैत्रीण ऑकलंडला किंवा पर्थला असते आणि ‘येताना घेऊन ये’ असं सहज सांगितलं जातं. सांगण्याआधी थांबा. २०१६ च्या बॅगेज नियमांनी दागिन्यांखेरीज इतर कुठल्याही रूपातलं सोनं-चांदी प्रवाशाच्या नेहमीच्या करमुक्त सवलतीतून वगळलेलं होतं, आणि चांदीचं नाणं दागिना नव्हे. नियम आणि दर बदलत असतात, म्हणून प्रवासाच्या त्या महिन्यात कस्टम खात्याच्या संकेतस्थळावर बघावं, बिल सोबत ठेवावं आणि लाल मार्गाने जाऊन नाणं जाहीर करावं. आपल्या छंदापायी पाहुण्याला विमानतळावर उभं राहावं लागू नये.

कुरिअरने मागवत असाल तर सीमाशुल्क आणि जीएसटी धरूनच किंमत ठरवा. ‘किंमत कमी लिहून पाठवतो’ असं म्हणणाऱ्या विक्रेत्याला नकार द्या. वाटेत पाकीट हरवलं तर विमाही त्या खोट्या आकड्याचाच मिळतो. आपल्याकडच्या जाणत्या विक्रेत्याकडून थोडे जास्त देऊन घेतलेलं नाणं शेवटी स्वस्त पडतं, असा माझा अनुभव आहे. पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत नाणं हातात घेऊन बघता येतं, हा फायदा वेगळाच.

सांभाळणं

सगळ्यात जास्त नाणी मेली आहेत ती प्रेमाने घासल्यामुळे. घरचं निरांजन, ताम्हण, चांदीची वाटी आपण रांगोळीने, चिंचेने, टूथपेस्टने लख्ख करतो. नाण्यावर यातलं काहीही लावू नका. आरशासारख्या मैदानावर एक फडका फिरला की केसासारखे ओरखडे उठतात आणि ते कधीच जात नाहीत. नाणं काळवंडलं तर काळवंडू द्या, संग्राहक त्या रंगालाही किंमत देतात. बंद डबीतल्या नव्या नाण्यावर पांढुरके ठिपके आले तर तेही सोसावे. धुऊन ते नीट निघत नाहीत.

हाताळताना नाणं कडेने धरा, खाली मऊ टॉवेल असू द्या. ज्या ॲक्रिलिक डबीत आलं तिच्यातच ठेवा. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांत वर्षभरात हिरवट चिकट थर धरतो. चांदीचा शत्रू गंधक: रबरबँड, लोकर, साधा पुठ्ठा, वर्तमानपत्र यांपासून लांब. डांबराच्या गोळ्या असलेल्या कपाटाच्या खणातही नको. कोकणात आणि मुंबईत पावसाळा खरा कसोटीचा. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून मी आषाढाआधी सगळं बंद करतो आणि दसऱ्यापर्यंत फारसं उघडत नाही.

पेटी आणि प्रमाणपत्र फेकू नका. आधुनिक नाण्याला ते नसतील तर विकताना भाव पडतो. ग्रेडिंगच्या, म्हणजे दर्जाचे गुण देऊन बंद केलेल्या, सीलबंद डब्यांबद्दल एवढंच: सत्तरपैकी सत्तर गुणांसाठी दुप्पट पैसे मोजावेत इतका फरक डोळ्यांना दिसत नाही, आणि मी ते मोजत नाही.

विकायची वेळ आली तर

सराफाकडे जाऊ नका. तो मोडीचा भाव देईल, त्यातूनही घट कापेल, आणि त्याच्या धंद्यात ते योग्यच आहे. त्याला केस्ट्रेलशी देणंघेणं नाही. संग्राहकाकडे किंवा लिलाव करणाऱ्या संस्थेकडे जा. तिथेही मूळ किंमत लगेच मिळेल असं धरू नका. चांदी चढली की साधी नाणी भराभर जातात, खास नाण्यांना मात्र त्यांचा गिऱ्हाईक भेटेपर्यंत थांबावं लागतं.

मी प्रत्येक नाण्याच्या पेटीत एक चिठ्ठी ठेवतो. तीवर देश, वर्ष, टांकसाळ, वजन, कस, घेतल्याची तारीख आणि किंमत असते, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: ‘वितळवू नये. आधी संग्राहकाला दाखवावं.’ घरात नाणी कुणाला कळत नसली तरी एवढं वाचता येतं. त्या चिठ्ठ्या कुठे आहेत हे बायकोला आणि मुलीला दाखवून ठेवलं आहे.